दोन चुलींचं शहर : गिरणगाव, कोकण आणि म्हातारपणाचा हिशेब



आजचा विषय आकड्यांचा आहे, त्यामुळे सुरुवात आकड्यांनीच करू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे सोळा टक्क्यांनी वाढलेली दिसली. पण तीन जिल्हे असे निघाले की तिथली माणसं वाढण्याऐवजी कमी झाली होती. रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आला. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. तिसरा जिल्हा कोणता असेल? मुंबई शहर. म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचं जुनं बेट. ते ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर उतरलं. टक्केवारीत पाहिलं तर तिघांत सगळ्यात मोठी घट मुंबई शहराची, साडेसात टक्क्यांहून जास्त.

त्या वेळी या आकड्यांवर बरंच लिहिलं गेलं. कोकणाबद्दल लिहिणाऱ्यांनी लिहिलं, कोकण ओस पडतंय. मुंबईबद्दल लिहिणाऱ्यांनी लिहिलं, जागा महाग झाल्या, चाळी पडल्या, टॉवर झाले, माणसं उपनगरात गेली. दोन्ही खरंच आहे. पण हे तीन आकडे एका ओळीत ठेवून कोणी वाचले असं फारसं दिसलं नाही. आमचं म्हणणं असं की ही तीन जिल्ह्यांची तीन दुखणी नाहीत, दुखणं एकच आहे. कारण मुळात हा प्रदेशच एक होता. नकाशावर मध्ये दोनशे-चारशे किलोमीटर दिसतात, पण घरं एकच होती. एका घराच्या दोन चुली, एक लालबागला आणि एक देवरुखला, नाहीतर लांज्याला, नाहीतर कणकवलीला.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, इतिहासाच्या प्रांतात पाहुणे. पण पाहुण्याला एक सोय असते. घरच्यांना सवयीने न दिसणारी वस्तू त्याला दिसते. इथे ती वस्तू म्हणजे ‘शहर’ या शब्दाची व्याख्या. शहराची हद्द आपण महापालिकेच्या हद्दीवर संपवतो. गिरणगावाच्या बाबतीत ती हद्द कधीच खरी नव्हती.

थोडं मागे जाऊ. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली सूतगिरणी चालू झाली. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, १८६५ मध्ये तो फुगा फुटला, आणि त्यानंतर खऱ्या अर्थाने गिरण्या उभ्या राहिल्या. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, करी रोड, डिलाईल रोड, वरळी, शिवडी असा पट्टा धुराड्यांनी भरून गेला. इतक्या गिरण्यांना हात कुठून आले? थोडे घाटावरून, सातारा, सांगली, कोल्हापूरकडून. काही उत्तरेकडून. पण सगळ्यात मोठा लोंढा त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून. हा जिल्हा तेव्हा खूप मोठा होता, सिंधुदुर्ग त्यातून १ मे १९८१ ला वेगळा निघाला.

रत्नागिरीची माणसं गिरण्यांच्या आधीही बाहेर जातच होती. पलटणीत, पोलिसात, गोदीत. जमीन थोडी, कातळ जास्त, पाऊस चार महिने धो धो आणि नंतर आठ महिने काही नाही. वर खोतीची पद्धत. पिकातला मोठा वाटा खोताच्या घरात जायचा आणि कुळाकडे उरायचं ते पुढच्या पावसापर्यंत पुरत नसे. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये, आणि तोवर चार पिढ्या मुंबईला लागल्या होत्या. म्हणून गाव स्वयंपूर्ण होतं, शहराने ते मोडलं, ही जी एक गोड कथा आपल्याकडे सांगितली जाते ती कोकणाला लागू होत नाही. तिथलं गाव मुंबईशिवाय जगूच शकत नव्हतं.

पण याची दुसरी बाजू कमी बोलली जाते. मुंबईही गावाशिवाय चालू शकत नव्हती.

कसं ते पाहा. १९२१ च्या सुमारास मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे दोन पुरुषांमागे एक बाई. आणि रत्नागिरीत उलट, पुरुष कमी आणि बायका जास्त. हा असमतोल काही देवाने घातला नव्हता. कामकरी वयाचा पुरुष शहरात आणि त्याची बायको, मुलं, म्हातारे आईबाप गावात, अशी ती वाटणी होती. अण्णाभाऊ साठ्यांची मैनेची छक्कड महाराष्ट्राच्या तोंडी बसली ती काही उगाच नाही. ते एका माणसाचं दुःख नव्हतं, एका अर्थव्यवस्थेची रचनाच तशी होती.

गिरणीतला पगार एका माणसाच्या पोटापुरता असे, वर थोडा गावाला धाडण्यापुरता. त्या पगारात मुंबईत कुटुंब ठेवणं बहुतेकांना शक्य नव्हतं. कामगाराचं बालपण गावाच्या खर्चाने झालं, त्याच्या मुलांचंही. आजारी पडला, हाताला लागलं, छाती भरून आली की हवापालटाला गावीच. बाळंतपण गावी. आणि हात थकले की म्हातारपणही गावी. आजच्या भाषेत ज्याला आपण सामाजिक सुरक्षा म्हणतो, तिचा सगळा भार कोकणातल्या भातखाचरांवर आणि तिथल्या बायकांच्या पाठीवर होता. गिरणीमालक फक्त त्याच्या ऐन उमेदीच्या वर्षांचे पैसे देत होता. माणसाच्या आयुष्यातली पहिली पंधरा आणि शेवटची पंधरा वर्षं त्याच्या वहीत नव्हतीच.

भाषेतही हे उतरलं आहे. सरकारी नोकर ‘रिटायर’ होतो. गिरणी कामगाराबद्दल हा शब्द जुनी माणसं फारसा वापरत नसत. ‘अण्णा गावाला गेले’ असं म्हणत. गावाला गेले, म्हणजे मुंबईच्या हिशेबातून गेले.

मग शहरात तो राहायचा कसा? गावकीच्या गाळ्यात. एका गावच्या, बहुतेक एका वाडीच्या किंवा भावकीच्या माणसांनी मिळून चाळीत एक खोली घ्यायची. वीस-वीस, तीस-तीस माणसं त्या एका खोलीवर. भिंतीला खुंट्या, खाली ओळीने ट्रंका, वर वळकट्या. सगळे एकदम झोपायचे नाहीत, कारण पाळ्या वेगळ्या. रातपाळीचा आला की दिवसपाळीचा उठून गेलेला असायचा. जेवायला खानावळ. या खानावळी चालवणाऱ्या बऱ्याचशा बायका कामगारांच्याच घरच्या, कोणी विधवा, कोणी नवऱ्याची नोकरी गेलेली. सावकाराकडून कर्ज काढायचं, भरमसाट व्याज भरायचं आणि पंधरा-वीस जणांना रांधून घालायचं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. गिरणगावाच्या इतिहासात भोंगा, लाल बावटा, तमाशाचे फड हे सगळं येतं, खानावळवाली मात्र तळटीपेत राहते. वास्तविक तिच्याशिवाय एकही पाळी भरली नसती.

बायकांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. गिरण्यांत बायका नव्हत्या असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. १९२० च्या दशकात गिरणीतल्या दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती, मुख्यतः रिळं आणि कांड्या भरण्याच्या खात्यांत. पुढे यंत्रं बदलली, बायकांना रातपाळी कायद्याने बंद झाली, बाळंतपणाची रजा द्यावी लागू लागली, आणि मालकांनी बायकांना घेणंच हळूहळू थांबवलं. संरक्षणाचे कायदे झाले ते योग्यच झाले. पण ज्याच्यावर त्यांचा खर्च पडला त्याने बाईलाच बाहेर काढून तो वाचवला. १९८० पर्यंत हे प्रमाण अगदी नगण्य झालं होतं. परिणाम असा, की कुटुंबाचा पैसा एकाच पगारावर टांगला गेला. ८२ साली तो पगार तुटला तेव्हा दुसरा आधार घरात उरला नव्हता.

आणि गावाने शहरात नुसती माणसं पाठवली नाहीत, आपली उतरंडही पाठवली. साचेखात्यात, म्हणजे मागावर, पगार चांगला. तिथे अस्पृश्य समाजाच्या कामगारांना येऊ देत नसत. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होईल! १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. एकजुटीची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांची तेव्हा अडचण झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. आज जो तो गिरणगावच्या आठवणींत रमतो. रमावं, पण गाळे जातवार होते हेही आठवावं.

आता मुख्य मुद्द्याकडे. शहर संकटात आलं की गावाची चूल पेटायची. १८९६ ला प्लेग आला, मुंबई ओस पडली, लोक बोटीने आणि पायी गावाला पळाले. १९२८ चा संप जवळजवळ सहा महिने चालला. इतके दिवस बिनपगारी माणूस टिकतो कसा? संघटनेचा निधी असून किती असणार! टिकला तो गावामुळे. कामगार कोकणात उतरले, लावणी केली, भात खाल्लं आणि परत आले. उलट, गावात दुष्काळी वर्ष आलं की मुंबईची मनीऑर्डर तारून न्यायची. पोस्टमनची वाट पाहणारी म्हातारी हे कोकणातलं सगळ्यात खरं चित्र. ‘मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा’ असं रत्नागिरीला हिणवत असत. हिणवणाऱ्यांना हे कळलं नव्हतं की ती मदत नव्हती, ते देणं होतं. गावाने माणूस वाढवून दिला त्याचं ते उशिरा आलेलं वेतन होतं.

आमच्या तर्कशास्त्रात अन्योन्याश्रय नावाचा एक दोष सांगितलेला आहे. ‘अ’ सिद्ध करायला ‘ब’ लागतो आणि ‘ब’ सिद्ध करायला ‘अ’. अशी सिद्धता बाद समजतात. पण शास्त्रात जो दोष, तो संसारात आधार असू शकतो. गाव मुंबईवर टेकलेलं आणि मुंबई गावावर, अशा तऱ्हेने ही रचना शंभर-सव्वाशे वर्षं उभी राहिली. मात्र एकमेकांना टेकून उभ्या असलेल्या दोन काठ्यांतली एक काढली, की दुसरीचं काय होतं हे सांगायला तर्कशास्त्र लागत नाही.

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली साठेक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांना कायम करणं, आणि मुळाशी एक मोठी मागणी : आमची संघटना आम्ही निवडू. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने या धंद्यात एकाच संघाला मान्यता होती, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार त्याच्याकडून निघून गेले होते, पण कायद्याच्या लेखी तोच त्यांचा प्रतिनिधी होता.

या संपाबद्दल दोन कथा चालतात. एक म्हणते, सामंतांनी गिरण्या बुडवल्या. दुसरी म्हणते, मालकांनी जमिनीसाठी संप घडवून आणला. आम्हाला दोन्ही अपुऱ्या वाटतात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी गिरण्यांचं कापड संपाच्या आधीच मागे टाकायला सुरुवात केली होती. कृत्रिम धाग्याचं कापड आलं होतं. मुंबईतल्या कित्येक गिरण्यांत आजोबांच्या काळची यंत्रं नातू चालवत होता, कारण नफा यंत्रांत परत घालण्याऐवजी मालकांनी दुसऱ्या धंद्यांत नेला. धंदा आजारी होताच. संपाने त्याची तारीख ठरवली, आणि जे वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू झालं असतं ते दोन वर्षांत झालं. १९८३ मध्ये केंद्राने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, बऱ्याच गिरण्या कमी माणसांत पुन्हा सुरू झाल्या, पण लाखभराच्या आसपास माणसं कायमची बाहेर राहिली. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. म्हणून जुने कामगार अजून म्हणतात, ‘संप चालू आहे.’ ऐकणारा हसतो. सांगणारा हसत नाही.

यातला वेग हाच आमच्या दृष्टीने कळीचा मुद्दा. तुलनेसाठी जर्मनीतलं रूर खोरं घेऊ. तिथे कोळसा आणि पोलाद साठच्या दशकापासून आटत गेलं. एसेन शहराची लोकसंख्या तेव्हा सव्वासात लाखांच्या वर होती, आज ती सहा लाखांच्या आत आहे. शहर म्हातारं झालं, आकसलं. पण तिथली शेवटची कोळसा खाण बंद झाली ती २०१८ च्या डिसेंबरात. म्हणजे बंद होण्याला पन्नास-साठ वर्षं दिली. मधल्या काळात लवकर निवृत्ती, निवृत्तिवेतन, फेरशिक्षण यांवर सरकारने आणि कंपन्यांनी अमाप पैसा ओतला. तिथेही लोक दुखावले, बेकारी झाली, स्वर्ग नव्हता तो. पण साठीच्या खाणकामगाराला आपण कुठे जगणार याची चिंता पडली नाही. आपल्याकडे कामगारांना निवृत्तिवेतन देणारी ईपीएस योजना आली १९९५ च्या नोव्हेंबरात. ८२-८३ साली बाहेर पडलेला कामगार तोवर यादीतच नव्हता. त्याच्या हातात आला तो फंड आणि ग्रॅच्युइटी, तीही कित्येकांना वर्षानुवर्षं खेटे घातल्यावर.

मग तो गेला कुठे? नेहमीप्रमाणे पहिल्यांदा गावाला. शंभर वर्षांची सवय होती, संपात गावाला जायचं, मिटला की यायचं. या वेळी परत यायला जागाच उरली नाही. काही गावातच राहिले. काहींनी मुंबईत भाजीची गाडी लावली, वॉचमनची नोकरी धरली, बायका घरकामाला गेल्या, मुलांच्या शाळा सुटल्या. यातल्या काही मुलांचं काय झालं ते जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटकात दाखवलं आहे. ते इथे पुन्हा सांगत नाही.

जमिनीची गोष्ट थोडक्यात. सुमारे सहाशे एकर जमीन या गिरण्यांच्या पायाखाली होती. १९९१ च्या विकास नियमावलीने ठरवलं, की गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. वाटणी वाईट नव्हती. २००१ मध्ये त्यात बदल झाला. वाटणी अख्ख्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या पडलेल्या जमिनीची. शब्द थोडेच बदलले, पण गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? शेड, गोदामं, खाती यांनीच ते भरलेलं असतं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा बदल जनतेच्या बाजूने वाचला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो निकाल फिरवला. दरम्यान २००५ मध्येच मुंबई टेक्स्टाइल मिलची जागा ७०२ कोटींना गेली. आमच्या मते गिरणगावाचा शेवट ८२ साली झाला नाही, २००१ च्या त्या एका दुरुस्तीत झाला. धंदा जाणं ही इतिहासाची चाल म्हणता येईल. जमीन कोणाला मिळावी हा निर्णय होता, आणि तो माणसांनी घेतला.

आता पुन्हा लोकसंख्येकडे. मुंबई बेटाची लोकसंख्या १९७१ मध्ये तीस लाखांच्या थोडी वर होती, १९८१ मध्ये तेहतीसच्या जवळ गेली, आणि त्यानंतर चाळीस वर्षांचा हिशेब केला तर जिथल्या तिथे. वाढ सगळी उत्तरेला सरकली. २००१ ते २०११ मध्ये त्या वेळचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला, छत्तीस टक्के वाढ. नालासोपारा, विरार, डोंबिवली, बदलापूर, दिवा. गिरणी कामगारांची मुलं तिथे आहेत. गाळा सुटला, चाळीतली खोली विकली किंवा पुनर्विकासात गेली, भावांत वाटण्या झाल्या आणि प्रत्येकाच्या वाट्याला लोकलचा दीड तास आला.

इथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. पूर्वी एकटा पुरुष जायचा. आता कुटुंबच्या कुटुंब जातं. २००१ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या, २०११ ला ११२२. सिंधुदुर्गात १०७९ वरून १०३६. वरवर पाहिलं तर असमतोल कमी झाला, चांगलं झालं. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो : तरुण बाई आता गावात नवऱ्याची वाट पाहत बसत नाही, तीही बरोबर जाते, आणि तिने का जाऊ नये? पण मग गावची चूल कोण पेटवणार? शंभर वर्षं ज्या बाईच्या पाठीवर शहराचं म्हातारपण होतं, ती बाई आता बदलापूरला आहे आणि सकाळची ७.०२ पकडते.

म्हणून गावात उरले ते म्हातारे. त्यातही बायका जास्त, कारण त्या जास्त जगतात. महाराष्ट्रात २०११ मध्ये साठीपुढची माणसं शंभरात जवळजवळ दहा होती. दक्षिण कोकणात हे प्रमाण याहून बरंच वर आहे. जन्मदरही खाली आलेला, राज्यातच २०१९-२१ मध्ये एका बाईमागे सरासरी १.७ मुलं होती. एखाद्या वाडीत जाऊन पाहा. दहा घरांतली चार कुलूपबंद, दोनांत एकेकटी म्हातारी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं हाताच्या बोटांवर. घरं मात्र नवीन, चिऱ्याची, टाइल्स बसवलेली, गणपतीत आणि शिमग्यात दहा-दहा दिवस उघडणारी. फंडाचे, व्हीआरएसचे पैसे तिथे घातले गेले. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली, तिने यायला सोपं केलं, पण जायलाही तितकंच सोपं केलं.

आणि गंमत अशी की कोकणाला माणसं लागतातच. आंब्याच्या बागा राखायला आणि होड्यांवर नेपाळी गडी आहेत, चिरेखाणींवर कर्नाटकातले मजूर. म्हणजे रत्नागिरीचा तरुण मुंबईकडे, आणि नेपाळचा तरुण रत्नागिरीकडे. त्या नेपाळी मुलाचीही एक चूल कुठेतरी डोंगरात आहे. तिथेही एक म्हातारी पैशाची वाट पाहत असणार. आता मनीऑर्डर नाही, टपालखात्याने ती जुनी सेवा २०१५ मध्ये बंद केली, पैसे फोनवर येतात. पोस्टमन निदान दारात उभा राहून चार शब्द बोलायचा, पत्र वाचून दाखवायचा. ही सोय कोणत्याही ॲपमध्ये नाही, असो.

आता घरांचा प्रश्न. म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर गिरणी कामगारांना घरं द्यायची असं ठरलं. अर्ज आले पावणेदोन लाखांच्या आसपास. २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली ६,९२५ घरांची, सव्वादोनशे चौरस फुटांची. २०१६ मध्ये काही, मार्च २०२० मध्ये ३,८९४. सगळी मिळून पंधरा-सोळा हजार. पनवेलजवळ कोनला २०१६ च्या सोडतीत ज्यांना घरं लागली, त्यांना ताबा मिळायच्या आधी करोना आला आणि इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या. आता उरलेल्यांना शेलू आणि वांगणीला घरं द्यायची योजना आहे. कामगार संघटनांतल्या बऱ्याच जणांचा तिला विरोध आहे. त्यांचं म्हणणं, आमच्या घामाची जमीन परळला, घर मात्र कर्जतच्या वाटेवर.

जरा वयाचा हिशेब करू. ८२ साली जो पंचवीस वर्षांचा होता तो आज सत्तरीकडे झुकलेला किंवा सत्तरी ओलांडलेला. जो चाळिशीचा होता तो ऐंशीच्या पुढे, असला तर. अर्जांतले किती तरी अर्ज आता विधवांचे, वारसांचे आहेत. हक्क पिकायला चाळीस वर्षं लागली आणि माणूस त्याआधी पिकला. काही जण विचारतात, जो गावी राहतो त्याला मुंबईत घर कशाला? विकूनच टाकणार ना? टाकेलही. पण हा प्रश्न विचारणारा माणूस ती दोन चुलींची गोष्ट विसरला आहे. कामगाराच्या दृष्टीने ते घर म्हणजे नुसता राहायचा आसरा नाही. शंभर वर्षं त्याचं म्हातारपण गावाने फुकट सांभाळलं आणि त्यातून जी बचत झाली ती गिरणीच्या जमिनीत मुरली. ते घर म्हणजे त्या बचतीतला त्याचा हिस्सा. तो त्याने विकावा, ठेवावा, नातवाला द्यावा, तो त्याचा प्रश्न. फंडाचे पैसे कसे खर्च करणार असं विचारून कोणी फंड देत नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याला अजून नीट हात लागलेला नाही. कोकणातल्या म्हाताऱ्यांचा दवाखाना कोणाच्या हद्दीत येतो? रत्नागिरी जिल्हा परिषद म्हणणार, आमच्याकडे लोकसंख्या कमी, निधी कमी. मुंबई महापालिका म्हणणार, हे आमचे रहिवासी नाहीत. महापालिका देशातली सगळ्यात श्रीमंत, आणि ती श्रीमंत झाली त्यात या माणसांच्या उमेदीची वर्षं आहेत. पण ती वर्षं मुंबईच्या खात्यावर आणि म्हातारपण गावाच्या खात्यावर. गावोगावच्या मुंबई मंडळांनी यात थोडंफार केलं आहे. देऊळ बांधतात, शाळेला संगणक देतात, आता काही ठिकाणी रुग्णवाहिकाही आणली. मंडळाची सभा आजही लालबाग-परळच्या एखाद्या हॉलमध्ये भरते, गावच्या पालखीचा निर्णय तिथे होतो. म्हणजे गावाचा कारभार अजून दोन्हीकडून चालतो. फक्त सरकारी कागदांना ते माहीत नाही.

येत्या २०२७ मध्ये जनगणना व्हायची आहे, सोळा वर्षांनी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर पुन्हा तीन वेगळ्या तक्त्यांत छापले जातील. स्थलांतराचे प्रश्न विचारले जातात : आधी कुठे राहत होता, का आलात, किती वर्षं झाली. तुमच्या घराची दुसरी चूल कुठे आहे आणि तिच्यापाशी आज कोण बसलं आहे, असा रकाना त्या कागदात नाही. तो असता, तर सुरुवातीला सांगितलेले तीन आकडे आपल्याला वेगळ्याने मांडावे लागले नसते.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.